पाखरांची खानेसुमारी

वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते. ‘आमच्या लहानपणी पाखरे फार असत’ हे ते वाक्य होय. नाशिकच्या जुन्या वाड्यांतून ते ऐकू येते, गोदाकाठच्या घाटांवर ऐकू येते आणि नव्या वसाहतींच्या गच्च्यांवरही ऐकू येते. त्यातील खंत खरी असते. परंतु फार म्हणजे किती, ती कोणती आणि कोणत्या महिन्यात येत, असा प्रश्न केला की बोलणारा अडखळतो; कारण आठवणीला आकडा नसतो. ज्या घरात जमाखर्च लिहिण्याची चाल नाही, त्या घराला आपली तंगी कणगीचा तळ दिसू लागल्यावरच कळते. निसर्गाच्या बाबतीत बहुतेक गावांची आणि शहरांची स्थिती अशीच आहे. पूर्वी काय होते आणि आज काय उरले, याची वही कोणी ठेवलेली नसते.

निसर्गरक्षणासाठी स्वयंसेवा म्हटली की रोपे लावणे, नदीचा काठ झाडणे, मिरवणूक काढणे ही कामे चटकन डोळ्यांपुढे येतात. ती कामे चांगलीच आहेत. परंतु त्या सर्वांच्या आधी करावयाचे, अधिक शांतपणे होणारे आणि वर्तमानपत्रांत क्वचितच झळकणारे आणखी एक काम आहे. ते म्हणजे मोजणे. जगात जेथे जेथे निसर्गाची वही नीट ठेवली गेली, तेथे ती मोठ्या प्रमाणात हौशी माणसांनी, कोणतेही वेतन न घेता ठेवलेली आहे. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर येथे होणारी पक्षिगणना हे या कामाचे जवळचे आणि चांगले उदाहरण होय. हे काम कसे चालते, त्यापासून काय साधते आणि सुशिक्षित कुटुंबांना त्यात कोणता वाटा उचलता येईल, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे.

मोजण्याने काय साधते, हे गिधाडांच्या कथेवरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशावरूनही होत नाही. नाशिककरांना गिधाड परके नाही. इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद हे स्थान जटायूच्या कथेशी जोडलेले आहे. रावणाशी झुंजून घायाळ झालेला जटायू तेथेच पडला, अशी या भागातील श्रद्धा आहे. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी यांच्या उभ्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे पिढ्यान्‌पिढ्या घरटी करीत आली आहेत. मेलेले ढोर गावाबाहेर टाकावे आणि गिधाडांनी ते पाहता पाहता साफ करावे, ही व्यवस्था इतकी नित्याची होती की तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नसे. मग मोजण्याची गोष्ट दूरच राहिली.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र एका अभ्यासकाने ती मोजली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या, १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेचे विभू प्रकाश यांनी १९८० नंतरच्या दशकात तेथील शिकारी पक्षी व गिधाडे यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. दहा-बारा वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९५ हून अधिक घटल्याचे आढळले. एका उद्यानापुरती ही गोष्ट आहे की साऱ्या देशाची, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न झाला. त्याचे उत्तर देण्यास एक जुनी वही उपयोगी पडली. १९९१ ते १९९३ या काळात सोसायटीच्या अभ्यासकांनी उत्तर व मध्य भारतातील कित्येक रस्त्यांवरून वाहनाने प्रवास करीत शिकारी पक्ष्यांची गणती केली होती. २००० सालापासून तेच रस्ते आणि तीच पद्धत ठेवून पुन:पुन्हा गणती करण्यात आली. २००७ पर्यंत निष्कर्ष निघाला तो असा की, जेथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती तेथे सुमारे एकच उरले आहे.

कारण मात्र त्यापूर्वीच सापडले होते. गुरांचे दुखणे व सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात राहते, ते मांस खाल्ल्यावर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि थोड्याच दिवसांत पक्षी मरतो, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. भारत सरकारने २००६ साली गुरांसाठी या औषधाच्या उत्पादनास बंदी केली. नाशिक जिल्ह्यातही हरसूलजवळ खोरीपाडा येथे मेलेली जनावरे गिधाडांना निर्धोकपणे खाता यावीत म्हणून खास जागा राखण्यात आली, आणि तेथील आदिवासी ग्रामस्थांनी त्या कामात मोठा वाटा उचलला.

या हकिगतीतील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. १९९१ ची ती गणती गिधाडांच्या चिंतेने केलेली नव्हती. त्या वेळी गिधाडांविषयी चिंता करण्याचे कारणच कोणास दिसत नव्हते. शिकारी पक्ष्यांची सर्वसाधारण नोंद असावी एवढाच तिचा हेतू होता. परंतु ती नोंद नसती, तर पुढच्या मोजणीची तुलना कशाशी करावयाची? ‘पूर्वी गिधाडे फार असत’ या वाक्यावर कोणतेही सरकार औषधावर बंदी घालीत नाही. गणतीचे मोल ती करताना कळत नाही, दहा-वीस वर्षांनी कळते. म्हणूनच ती आज, सारे काही ठीक दिसत असतानाच करावी लागते.

तथापि आठवण दुसऱ्या बाजूनेही फसविते. चिमणी नाहीशी झाली, असे शहरांतून सर्रास बोलले जाते. भारतातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, मोठ्या महानगरांत चिमणी घटत असली तरी एकंदर देशात तिची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर राहिली आहे. याच प्रकारचा पुढचा अहवाल २०२३ साली निघाला. त्याच्यासाठी तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा विचार झाला. ज्यांच्याविषयी कोणी हळहळ व्यक्त करीत नव्हते, अशा जाती त्यात धोक्याच्या बाजूस दिसल्या. विजयादशमीला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख त्यांपैकी एक. आणि नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात दिसणारा, चमच्यासारख्या रुंद चोचीचा थापट्या बदक दुसरा. हे तीन कोटी आकडे पगारी नोकरांनी जमविलेले नाहीत. शिक्षक, डॉक्टर, कारकून, गृहिणी आणि विद्यार्थी यांच्या टिपणवह्यांतून ते आलेले आहेत.

हौशी माणसांच्या गणतीची ही परंपरा जुनी आहे आणि तिचा उगमही मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन तट पाडून, दिवसभरात कोण अधिक पशुपक्षी मारतो याची चढाओढ लावण्याची चाल होती. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने १९०० साली सुचविले की, त्या दिवशी पाखरे मारण्याऐवजी मोजावी. पहिल्या वर्षी २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली. तेव्हापासून ती प्रथा दर वर्षी पाळली जात आहे. बाहेर पडण्याची हौस तीच राहिली. हातातील बंदुकीच्या जागी पेन्सिल आली, एवढाच फरक.

पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ साली सुरू झाली आणि भारतीय उपखंडात ती १९८७ पासून जानेवारी महिन्यात होऊ लागली. जानेवारीच का, याचे कारण सोपे आहे. उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी तोवर आपापल्या जागी स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास अजून सुरू झालेला नसतो. माणसांच्या खानेसुमारीत गणकाला घरोघर जाता येते, घराला क्रमांक असतो आणि घरमालक उत्तर देतो. पाखरांना ना घरक्रमांक, ना उत्तर देण्याची सक्ती. आज लडाखात असलेला पक्षी दोन महिन्यांनी निफाडच्या हरभऱ्यात असतो. म्हणून सर्व देशांनी एकाच पंधरवड्यात मोजले, तरच तोच पक्षी दोन ठिकाणी धरला जाण्याचा धोका कमी होतो.

आता प्रत्यक्ष जागेकडे वळावयाचे. नाशिकहून पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटरांवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमदानीत, कालव्यांना पाणी पुरविण्यासाठी तो बांधण्यात आला. पाखरांचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. परंतु नदी पाण्याबरोबर गाळही आणते. वर्षामागून वर्षे तो गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून उथळ पाणी, चिखलाची पसरट मैदाने, लहान लहान बेटे आणि पाणकणसांची बने तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ हा तोटा असतो. पाखरांच्या हिशेबात तोच नफा ठरला. बहुतेक बदके पाण्यात मान बुडवून जेवढे खोल पोचता येईल तेवढेच खाऊ शकतात. शेकाट्या, तुतवार यांसारखे चिखलपायी पक्षी आपल्या पायांच्या आणि चोचींच्या लांबीप्रमाणे पाणी निवडतात. पाणकावळा आणि टिबुकली यांना बुडी मारण्याइतकी खोली लागते. एकाच जलाशयात इतक्या निरनिराळ्या खोलीचे पाणी मिळाले, म्हणजे प्रत्येकाला आपापले पान वाढलेले सापडते.

सुप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अली यांनी या जागेस महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, असे सांगतात. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर गावी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात भारत १९८२ पासून सामील आहे. त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातील पहिली जागा म्हणून नांदूर मध्यमेश्वरचे नाव दाखल झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर करण्यात आले. रामसर यादीतील क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे आणि तेथे २६५ जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. मंगोलिया, तिबेट आणि लडाख येथे पिले वाढवून पट्टकदंब हा हंस येथे येतो. हिमालय ओलांडताना तो सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर उडत असल्याची नोंद झालेली आहे. तलवार बदक, चक्रवाक, चमचा, चित्रबलाक हे पाहुणे आणि स्थानिक पक्षी येथे एका रांगेत दिसतात. काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा असलेला एक पक्षी येथे शेकड्यांनी पोहत असतो. त्याला मराठीत वारकरी म्हणतात. त्याचा थवा पाहिला की नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही.

येथील गणना वनविभाग, पक्षिमित्रांच्या संस्था आणि काठच्या गावांतील तरुण मिळून करतात. स्वयंसेवकाला प्रथम हे समजून घ्यावे लागते की, हे सहलीला येणे नव्हे. जलाशयाचे ठरावीक भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला एक तुकडी दिलेली असते. पहाटेच्या गारठ्यात, ऊन चढण्यापूर्वी, तुकडीने आपल्या जागी पोचावयाचे असते. कारण ऊन चढले की पाण्यावर झळ नाचू लागते आणि लांबचे आकार ओळखू येत नाहीत. एकाने दुर्बिणीतून पाहावे व मोठ्याने न बोलता सांगावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने पडताळावे, अशी कामाची वाटणी असते. ज्याला पक्ष्यांची नावे येत नाहीत, त्यालाही लिहिण्याचे काम पहिल्या दिवसापासून करता येते. किंबहुना सुवाच्य अक्षर आणि शांत चित्त असलेला लेखनिक हा तुकडीचा आधारच असतो.

मोठा थवा कसा मोजावा, हा नवख्याला पडणारा पहिला प्रश्न. त्याची रीत अशी. प्रथम थव्यातील दहा पक्षी एकेक करून मोजावे आणि दहांचा तुकडा डोळ्यांना केवढा दिसतो ते मनात ठसवावे. मग तसे दहा तुकडे मिळून शंभरांचा पट्टा केवढा होतो ते पाहावे, आणि तो पट्टा साऱ्या थव्यावरून सरकवीत न्यावा. धान्याच्या राशीवरून पायल्यांचा अदमास घेणारा जुना शेतकरी हेच करीत असे. थव्याची एक बाजू दाट आणि दुसरी विरळ असते, हे ध्यानात ठेवावे. दोघांनी एकमेकांना न सांगता अदमास करावा आणि नंतर ताडून पाहावा. फार अंतर पडले तर पुन्हा मोजावे. मध्येच दलदलीवर घिरट्या घालणारा भोवत्या आला आणि सारा थवा उडाला, तर चालू मोजणी टाकून द्यावी, थवा बसेपर्यंत थांबावे आणि पहिल्यापासून आरंभ करावा. अर्धी मोजणी अंदाजाने पुरी करण्याचा मोह तेथेच सर्वांत अधिक होतो.

या कामात दोन गोष्टी लिहिण्यास धैर्य लागते. पहिली ‘ओळखता आले नाही’ ही होय. लांबवर पोहणारे तीस पक्षी बदके आहेत एवढेच खात्रीने सांगता येत असेल, तर ‘अनोळखी बदके ३०’ असे लिहावे. त्यांना एखादे दुर्मिळ नाव देण्याने तुकडीचा मान वाढत नाही, वही मात्र बिघडते. दुसरी गोष्ट शून्य ही होय. दर वर्षी दिसणारा एखादा पक्षी या वर्षी दिसला नाही, तर ‘दिसला नाही’ असे स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. दुर्मिळ पक्षी दिसला की छायाचित्रे निघतात आणि बातमी होते. नेहमीचा पक्षी न दिसल्याची बातमी होत नाही. ती फक्त वहीत उतरते, आणि तेही कोणी आठवणीने लिहिली तरच. गिधाडांच्या बाबतीत देशाला हीच न दिसण्याची नोंद उपयोगी पडली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हौशी माणसांच्या डोळ्यांवर भरवसा कसा ठेवावा? कोणी चारशेंचे पाचशे मोजील, कोणी साडेतीनशे. हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. एका दिवसाची एका तुकडीची मोजणी तंतोतंत असत नाही. परंतु तीच जागा, तोच पंधरवडा, तीच वेळ आणि तीच रीत दर वर्षी ठेवली, तर मोजण्यातील कमीअधिकपणाही साधारण सारखाच राहतो, आणि एका वर्षाचा आकडा नव्हे तर दहा वर्षांचा चढउतार विश्वासाने वाचता येतो. घरातील जुन्या काट्यात छटाकभराचे अंतर असले, तरी मुलाचे वजन महिन्यामागून महिना वाढते आहे की घटते आहे, हे त्याच काट्यावर बरोबर कळते. मात्र काटा बदलता कामा नये. म्हणून या कामात एका वर्षी येणाऱ्या शंभर उत्साही माणसांपेक्षा दहा वर्षे नेमाने येणारी पाच माणसे अधिक मोलाची असतात.

पक्ष्यांच्या आकड्यांबरोबर जलाशयाची प्रकृतीही लिहावयाची असते. पाणी किती आहे, वनस्पती कोणत्या वाढल्या आहेत, मासेमारी, गुरे चारणे, वाळूउपसा यांपैकी काय चालू आहे, अशा नोंदी गणनेच्या कागदावर केल्या जातात. येथे गोष्ट शहरापाशी येऊन पोचते. नाशिक हे नांदूर मध्यमेश्वरच्या वरच्या अंगाला वसलेले आहे. शहराच्या मोऱ्यांतून आणि नाल्यांतून गोदावरीत जे जाते, ते वाहत वाहत या बंधाऱ्यापाशी येते. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर जलपर्णी माजते. हिला गोदाकाठी पाणवेली म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती जलाशय झाकून टाकते, खालच्या पाण्याचा प्रकाश तोडते आणि बदकांना पोहण्यास जागा ठेवीत नाही. रामसर कराराच्या नोंदीतही या जागेवरील संकट म्हणून तिचा उल्लेख आहे. म्हणजे ज्या घरातून स्वयंसेवक पहाटे दुर्बीण घेऊन निघतो, त्याच घराच्या मोरीचा हिशेबही त्या कागदावर एका परीने उतरत असतो. पाखरांची वही ही शहराच्या वर्तनाची वही होय, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

काठच्या गावांची बाजूही शहरी स्वयंसेवकाने समजून घेतली पाहिजे. जो गाळ बदकांना बोलावतो, तो आणि त्या पाणवेली यांमुळे पावसाळ्यात पुराचे पाणी तुंबते, अशी सायखेडा, चांदोरी या बाजूच्या गावांची तक्रार असते. पट्टकदंबासारखे पक्षी रात्री शेतात उतरून कोवळी पिके खातात, त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. कालव्यांची आवर्तने शेतीच्या गरजेप्रमाणे सुटतात आणि त्यानुसार जलाशयाची पातळी बदलते. पक्षी वाचवावयाचे म्हणजे या माणसांना वगळून वाचवावयाचे, अशी कल्पना कोणी करील तर ती टिकणार नाही. येथील जाणते तरुण पाहुण्यांना पक्षी दाखविण्याचे काम करतात. कोणता थवा सकाळी कोठे असतो आणि दुपारी कोठे जातो, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते. शहरातून जाणाऱ्याने तेथे शिकविण्यापेक्षा शिकण्याच्या वृत्तीने जावे, हे श्रेयस्कर. शेताच्या बांधावरून विचारल्याशिवाय जाऊ नये, छायाचित्रासाठी थव्याच्या अंगावर चालून जाऊ नये, आणि खाण्याचे कागद तेथे टाकू नयेत. हजारो कोस उडून आलेल्या पक्ष्याला विनाकारण उडविणे म्हणजे त्याच्या पुढच्या प्रवासाची शिदोरी हिसकावणे होय.

प्रत्येक कुटुंबाला निफाडपर्यंत जाणे शक्य होणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस घराच्या अंगणातील पक्ष्यांची एक जागतिक गणना होते. भारतात ती २०१३ पासून चालू आहे. कमीत कमी पंधरा मिनिटे एका जागी थांबून, दिसतील तेवढ्या पक्ष्यांची जात आणि संख्या लिहावयाची, एवढीच तिची अट. गच्ची, शाळेचे पटांगण, सोसायटीची बाग, गोदावरीचा घाट, कोणतीही जागा चालते. नोंदी ई-बर्ड या संगणकीय वहीत पाठविता येतात. ती २००२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाली. परंतु ज्यांना ते जमत नाही त्यांनी साध्या वहीत तारीख, वेळ, जागा, जात आणि संख्या हे पाच रकाने पाडावेत. घरातील आजोबांना आवाज ओळखू येतात, नातवाची नजर तीक्ष्ण असते, आणि आई नेमाने लिहिते. असे तिघे मिळाले की एक चांगली तुकडी झाली.

हाच नियम रोपांच्या कामालाही लागू आहे. केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांच्या प्रेरणेने १९५० साली देशात वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून किती रोपे लावली, याचे आकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. किती जगली, हा आकडा क्वचितच ऐकू येतो. नाशिकजवळ सातपूरच्या टेकडीवर ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेच्या पुढाकाराने ५ जून २०१५ रोजी नागरिकांनी हजारो देशी रोपे लावली आणि त्या जागेला देवराई हे नाव मिळाले. अशा कामाचे खरे मोल पहिल्या दिवसाच्या गर्दीत नसते. उन्हाळ्यात पाणी घालणे, वणव्यापासून जपणे आणि तीन वर्षांनी प्रत्येक आळ्यापाशी जाऊन जगलेले रोप व मेलेले रोप वेगवेगळे लिहिणे, यांतच ते असते. तेथेही शून्य लिहिण्याचे धैर्य लागते.

मोजल्याने पक्षी वाचतो काय, असे कोणी विचारील. नुसत्या मोजण्याने वाचत नाही. वहीतील आकडा वाचून कोणी तरी औषध बंद केले पाहिजे, मोरीचे पाणी शुद्ध केले पाहिजे, पाणवेली काढल्या पाहिजेत आणि शेतकऱ्याचे नुकसान भरून दिले पाहिजे. परंतु ती वहीच नसेल, तर कोणी काय करावयाचे हे ठरविण्यास आधारच उरत नाही. आणि जे गेले ते गेल्याचेही कोणाला कळत नाही. हे काम कायद्याने किंवा पैशाने एकदम उभे करता येण्यासारखे नाही. मागील वर्षे कोणालाही विकत घेता येत नाहीत. १९९१ साली मोजले नसते, तर २००७ साली कितीही पैसा ओतून १९९१ चा आकडा मिळाला नसता.

म्हणून ज्यांना निसर्गासाठी काही करावेसे वाटते, त्यांनी आपल्या सवडीप्रमाणे एक जागा निवडावी, वर्षातील एक सकाळ तिच्यासाठी राखून ठेवावी आणि पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा यावे. पहिल्या वर्षीची नोंद अपुरी वाटेल, दुसऱ्या वर्षीची कंटाळवाणी वाटेल. पाचव्या-सहाव्या वर्षी वही बोलू लागेल. मग एखाद्या नातवाने ‘पूर्वी पाखरे किती असत’ असे विचारले, तर त्याच्या हाती ती वही देता येईल, आणि त्याने ती तेथून पुढे लिहावी असे सांगता येईल.